गोल वाट आणि मोठी अक्षरं : एका प्रकल्पाच्या नोंदी

४ फेब्रुवारी २०२५

प्रकल्पाचं नाव तूर्त 'मागचं अंगण'. कामाचे दोन भाग. एक, घरामागे आईला बिनधोक फिरता येईल अशी वाट करायची. दोन, तिचं सुटलेलं वाचन पुन्हा हाताला लागतं का ते बघायचं. तीस वर्षं नकाशे काढण्याची नोकरी केली आणि प्रत्येक कामाची वही ठेवली, म्हणून याचीही ठेवते.

आईचं वय ७७. अल्झायमरचं निदान होऊन सव्वातीन वर्षं झाली, आता मधला टप्पा. चाळीस वर्षं ती मुद्रितशोधक होती. अक्षरांचे खिळे जुळवून छापायच्या काळापासून संगणकावरच्या प्रुफांपर्यंत सगळं तिच्या नजरेखालून गेलं. तिच्या लाल पेन्सिलींचे बोटभर तुकडे अजून कपाटांच्या फटीत सापडतात. गेल्या दीड वर्षात मात्र तिनं छापील काहीच हातात धरलेलं नाही. आजारानं वाचन नेलं, असं आम्ही सगळे धरून चाललो.

साइटच्या वहीत हवामान लिहितात, तसं माझंही लिहून ठेवते. झोप चार-साडेचार तास, तीही तुकड्यातुकड्यांनी. स्वतःसाठी पुस्तक उघडून सहा महिने झाले. दुपारचे साडेचार वाजले की पोटात गोळा येतो.

५ फेब्रुवारी

अंगण मोजलं. २८ फूट बाय २२ फूट. वाट गोलच हवी. ज्या वाटेला शेवट असतो तिथे या आजाराचा माणूस भिंतीसमोर उभा राहतो आणि तसाच राहतो. मागे वळून आल्या वाटेनं परत जायचं, हे त्याला सुचत नाही, मग तो घाबरतो. आईला हे गेल्या वर्षी जिन्याखालच्या कोपऱ्यात झालं होतं. दहा मिनिटं ती भिंतीला हात लावून उभी होती. म्हणून वाट मागच्या दारातून निघेल आणि मागच्या दारातच परत येईल. रुंदी चार फूट, म्हणजे दोघींना शेजारी-शेजारी चालता येईल. एका बाजूला कठडा. पायरी कुठेही नाही. एक फेरी साधारण ६५ फूट, आईच्या पावलांनी बावन्न-त्रेपन्न पावलं.

दक्षिणेच्या कुंपणाला कण्हेर आहे. काढणार. पानापासून मुळापर्यंत सगळी विषारी, आणि विष थेट हृदयावर चालतं. आई हल्ली काहीही तोंडात घालते. घाणेरीची झुडपंही काढायची.

११ फेब्रुवारी

आज जे कळलं ते आधीच कळायला हवं होतं. आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, डाव्यात सुरुवात, चश्म्याचा नंबर तीन वर्षांपूर्वीचा. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "या चश्म्यातून त्यांना अक्षर दिसतच नसणार."

दीड वर्ष आम्ही आजाराच्या नावावर खपवत होतो ते निम्मं डोळ्यांचं होतं. तिला सांगता येत नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. विसरण्याचा आजार झाला की माणसाचं प्रत्येक दुखणं त्याच खात्यावर टाकलं जातं. कान, डोळे, दात, पोट, सगळं. २०२४च्या जुलैत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं डिमेन्शियाच्या, म्हणजे अल्झायमरसारख्या विसरण्याच्या आजारांच्या, टाळता येण्याजोग्या १४ कारणांची यादी दिली, त्यात उपचार न केलेली अंधुक नजर नव्यानं घातली. ऐकू कमी येणं त्यात आधीपासून आहे. ती यादी आजार होऊ नये म्हणून आहे, झालेला उलटवण्यासाठी नाही, हे मला कळतं. तरी परत येताना रिक्षात आईचा हात धरून बसले होते आणि सारखं वाटत होतं, दीड वर्ष गेलं.

१८ मार्च

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. मी शेजारी बसून हात धरला, ती शांत राहिली. थेंबांचं वेळापत्रक भिंतीवर लावलं. वाटेचं खोदकाम दादा येऊन सुरू करून देणार होता, त्याचं येणं लांबलं. गवंडीकाका आणि मी मिळून आखणी केली.

लाजाळूच्या बिया पेरल्या. बी कडक असतं, म्हणून गरम पाण्यात टाकून रात्रभर भिजू दिलं. दोन कुंड्या, प्रत्येकी सहा बिया. लाजाळूच का, तर हात लावला की लगेच काहीतरी घडतं. आईला थांबून वाट बघता येत नाही, समोर घडलेलं मात्र नीट कळतं.

९ एप्रिल

वाट तयार, आणि लगेच दुरुस्ती. दोन चुका माझ्या.

पहिली, गुळगुळीत फरशी निवडली. सकाळच्या तिरप्या उन्हात ती पाण्यासारखी चकाकते. आई दारात थांबली, साडी चार बोटं वर धरली आणि म्हणाली, "केवढं पाणी साचलंय!" दुसरी, वळणावरचं गटाराचं काळं झाकण. तिथे ती दोन्ही हातांनी कठडा धरून थबकली. तिला तो खड्डा दिसत होता. या आजारात डोळे नुसतं बघतात, पण खोली आणि उठाव यांचा अर्थ लावणारा मेंदूचा भाग साथ देत नाही. सपाट जमिनीवरचा गडद तुकडा म्हणजे भोक. "अगं, नुसतं झाकण आहे," असं मी तीनदा सांगितलं. तिच्या जागी मी असते तर खड्ड्यात पाऊल टाकलं असतं का?

फरशीवर खरखरीत, चमक नसलेला थर दिला. झाकण वाटेच्याच मातकट रंगानं रंगवलं. कठडा उलट उठून दिसेल असा निळा केला.

१४ एप्रिल

दोन्ही कुंड्या मिळून पाच रोपं वर आली. अंगठ्याच्या नखाएवढी.

१७ एप्रिल

पहिलं पान. २४ पॉइंटची अक्षरं, ओळींमध्ये दुप्पट जागा, चमक नसलेला कागद, पानावर चारच वाक्यं. कुठलं पुस्तक घ्यावं यात आठवडा घालवला. कथा तिच्या हातून निसटते, दुसऱ्या परिच्छेदात पहिला गेलेला असतो. शेवटी मीच लिहिलं:

"मागच्या अंगणात नवी वाट झाली. वाट गोल आहे. कुंडीत लाजाळूची पाच रोपं आली. त्यांना अजून लाजता येत नाही."

कागद तिच्या मांडीवर ठेवला आणि काही बोलले नाही. तिनं नवा चश्मा सारखा केला, बोट पहिल्या ओळीखाली ठेवलं आणि सरळ, स्वच्छ, स्वल्पविरामाइतकं थांबत चारही वाक्यं वाचली. दीड वर्षानंतर. आवाज तोच, प्रुफं ताडून बघताना मूळ प्रत मोठ्यानं वाचायची तो.

मोठ्यानं वाचण्याचं कौशल्य या आजारात बरंच उशिरापर्यंत टिकतं. वाचलेल्याचा अर्थ धरून ठेवणं आधी जातं. हे माझ्या वाचनात आलं होतं, पण माझ्या आईच्या तोंडून ऐकणं वेगळं. वाचून झाल्यावर "लाजता येत नाही" या शब्दांवर ती हसली. मी आत जाऊन रडले.

६ मे

कुंडीला पाटी लावली. पांढऱ्या पत्र्यावर ब्रशनं नाव लिहिलं आणि घाईत 'लाजाळु' लिहून बसले. आई फेरी मारताना पाटीसमोर थांबली. बघत राहिली. उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासायला लागली. आधी मला कळेना, मग लक्षात आलं, ती पेन्सिल शोधते आहे. खिशातली दिली. तिनं ळु वर तिरपी रेघ मारली, शेजारी जागा कमी होती तरी नेटकं 'ळू' काढलं, आणि पेन्सिल परत देत म्हणाली, "शेवटचा उकार दीर्घ."

त्याच दिवशी सकाळी ती मला माझं नाव विचारत होती. दोन्ही खरं आहे. पाटी बदललेली नाही, तिची रेघ तशीच ठेवली.

२१ मे

आता पानात मुद्दाम चुका घालते, प्रत्येक पानात तीन. 'पाणि', 'फुल उमललं', 'मुळ खोल गेलं' अशा. पहिल्यांदा हात कचरला. चाळीस वर्षं जिनं एक वेलांटी चुकू दिली नाही, तिच्यासमोर जाणूनबुजून अशुद्ध ठेवायचं म्हणजे फसवणूक वाटत होती. पण तिला काम हवं आहे. "मी काय करू?" हे ती दिवसातून चाळीस वेळा विचारते आणि "बस ना आई निवांत" हे त्याचं उत्तर नाही.

पान ७ : चुका ३, सापडल्या ३.
पान ८ : चुका ३, सापडल्या ४. चौथी माझी खरीच होती.

२ जून

संध्याकाळ. हे सविस्तर लिहिते, कारण वाटेचा खरा उपयोग आज कळला.

उन्हं उतरली की आईची घालमेल सुरू होते. दारं उघडून बघते, पदराला गाठी मारते, आणि मग ते वाक्य, "मला घरी जायचंय." आपण घरीच आहोत, हे मी गेल्या वर्षभरात सगळ्या सुरांत सांगून बघितलं आहे. समजावून, हसून, भिंतीवरचे फोटो दाखवून. एकदा ओरडूनही. ओरडले त्या दिवशी ती उंबऱ्याशी बसून राहिली आणि मला म्हणाली, "बाई, रागावू नका. मी जाते." ते दिवसभर, आठवडाभर कानात होतं.

आज म्हटलं, "चल, जाऊ या घरी." चपला घातल्या, पर्स तिच्या खांद्याला दिली, मागच्या दारानं निघालो. निळा कठडा तिच्या डाव्या हाताला, मी उजवीकडे. पहिल्या फेरीला ती भरभर चालत होती. दुसऱ्या फेरीला लाजाळूपाशी थांबली, बोट लावलं, पानं मिटली, "अगं बाई!" तिसऱ्या फेरीला तिचा श्वास माझ्या चालीला आला. चौथ्या फेरीला दार समोर आलं तेव्हा तिनं वर बघितलं आणि म्हणाली, "आलं की घर."

आत आलो. पर्स खुंटीला लावली.

४ जून

रात्री पुस्तक घेऊन बसले. आईच्या खोलीचं दार अर्धं उघडं ठेवून, टेबलाच्या दिव्यात. दहा महिन्यांनी.

जागेचं भान मेंदूत कुठे असतं ते वाचलं. १९७१मध्ये लंडनला जॉन ओकीफ यांना उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूतल्या आठवणींशी जोडलेल्या भागात, अशा पेशी सापडल्या, की उंदीर खोलीतल्या ठरावीक जागी आला की ठरावीक पेशीच चेतते. २००५मध्ये नॉर्वेत मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांना शेजारच्या एन्टोरायनल कॉर्टेक्समध्ये दुसऱ्या पेशी मिळाल्या, ज्या सगळ्या जागेवर षटकोनी जाळी टाकल्यासारख्या चेततात, आलेखाच्या कागदासारख्या. २०१४चं नोबेल या तिघांना मिळालं. आणि अल्झायमरमध्ये मेंदूच्या पेशींत होणारे प्रथिनाचे गुंते अगदी सुरुवातीला जिथे धरतात तो भाग हाच, एन्टोरायनल कॉर्टेक्स.

तीस वर्षं आलेखाच्या कागदावर काम केलं. त्या कागदावरच्या रेघाच पुसल्या तर घर कुठे काढायचं? दोन दिवसांपूर्वीच्या चार फेऱ्या आठवल्या. तिच्या जवळ नकाशा राहिलेला नाही, पायांना मात्र चाल आहे.

साडेबारापर्यंत वाचलं. अंगात जडपणा होता, पण डोकं हलकं.

१९ जून

पाऊस. वाट ओली, फेऱ्या बंद. आईची खुर्ची मागच्या खिडकीशी हलवली, तिथून कुंड्या आणि कुंपणावरचं झाड दिसतं. १९८४मध्ये रॉजर उलरिक यांनी पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांच्या २३ जोड्यांची कागदपत्रं ताडून बघितली होती. एकाला खिडकीतून झाडं दिसत होती, जोडीच्या दुसऱ्याला विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले, त्यांना जोरदार वेदनाशामकंही कमी लागली. आई दुपारभर पावसाकडे बघत बसली. मी तिच्या मागे जमिनीवर बसून बघत होते. एका झाडाची पानं पावसात हलताना बघण्यासाठी डोक्याला काही जोर लावावा लागत नाही. रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञांनी १९८९मध्ये हेच मांडलं : दिवसभर ओढूनताणून द्यावं लागणारं लक्ष थकतं, आणि पानं, ढग, पाणी अशा आपसूक लक्ष वेधणाऱ्या गोष्टींकडे बघताना ते भरून येतं. माझं दिवसभराचं लक्ष म्हणजे गॅस बंद आहे का, दाराला कडी आहे का, गोळी गिळली की गालात धरली. दुपारी ते सगळं तासभर खाली ठेवलं.

३० जून

आजपासून आई मला 'तुम्ही' म्हणते. सकाळी वेणी घालताना, "तुम्हाला त्रास होतोय ना?" मला वाटलं चुकून आलं. दिवसभर तसंच. 'अगं' गेलं, 'अहो' आलं. तिचा आवाज मऊ आहे, माणसाशी नीट वागावं तसा. नाव विसरली होती तेव्हा एवढं लागलं नव्हतं.

दादाचा फोन, नेहमीचा प्रश्न, "ओळखते का तुला?" मी म्हटलं, "दादा, हे विचारू नकोस. मलाही नको आणि तिला तर नकोच."

३ जुलै

अलॉइस अल्झायमर यांच्या पहिल्या रुग्णाबद्दल वाचलं. फ्रँकफर्ट, नोव्हेंबर १९०१, ऑगस्टे डेटर नावाची बाई, वय ५१. डॉक्टर तिला एकेक वस्तू दाखवतात, पेन्सिल, पेन, किल्ली, सिगार. ती नावं बरोबर सांगते. थोड्या वेळानं काय दाखवलं होतं ते विचारतात, तिला आठवत नाही. एप्रिल १९०६मध्ये ती गेली, नोव्हेंबरमध्ये त्यांनी तिच्या मेंदूबद्दल ट्युबिंगेनला सांगितलं, आणि १९१०मध्ये मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी त्या आजाराला अल्झायमर यांचं नाव दिलं.

निदानासाठी ते विचारणं भाग होतं. पण घरात मी तीन वर्षं तेच करत आले होते. हे कोण? आज वार कोणता? मी कोण, सांग बघू? प्रत्येक वेळी तिचा चेहरा परीक्षेत नापास झालेल्या मुलीसारखा व्हायचा. आजपासून बंद. वहीत नियम म्हणून लिहिते : आईला काहीही विचारायचं नाही ज्याचं उत्तर मला आधीच माहीत आहे.

पॉलीन बॉस या अमेरिकन अभ्यासिकेनं सत्तरच्या दशकात एका दुःखाला नाव दिलं. माणूस समोर असतं आणि नसतं, म्हणून शोक करायलाही जागा मिळत नाही. तिनं त्याला 'संदिग्ध वियोग' या अर्थाचा शब्द वापरला. जगभरात साडेपाच कोटींहून जास्त लोकांना डिमेन्शिया आहे, आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते की सांभाळण्याचे ७० टक्के तास बायका देतात. म्हणजे या क्षणी किती स्वयंपाकघरांत, किती खिडक्यांशी, माझ्यासारखी कुणीतरी उभी असेल. त्यांतल्या एकीलाही मी ओळखत नाही. तरी ते नाव वाचल्यावर खांदे खाली आले.

१६ जुलै

लाजाळूला पहिला गोंडा. गुलाबी, बोराएवढा, सगळा केसांचा. दुपारपर्यंत कोमेजतो.

पान १९ : चुका ३, सापडल्या २.

२२ जुलै

लाजाळू रात्री हात न लावताही मिटते. १७२९मध्ये ज्याँ-जाक द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं असं रोप अंधारात ठेवून बघितलं. उजेड नसतानाही पानं दिवसा उघडायची, रात्री मिटायची. घड्याळ झाडाच्या आतच होतं. माणसाचं घड्याळ मेंदूत, डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या वर आहे, आणि या आजारात तेही बिघडतं. संध्याकाळची घालमेल, रात्री दोनला उठून साडी नेसायला लागणं, याचा एक धागा तिथे पोचतो. सकाळचं ऊन त्या घड्याळाला किल्ली देतं.

म्हणून वेळापत्रक बदललं. पाऊस नसेल तर सकाळी सात ते आठ आई बाहेर, उघड्या उजेडात. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणली.

९ ऑगस्ट

गेले तीन दिवस वाईट. आई एकदम ढासळली. भिंतीवर माणसं दिसायला लागली, कठडाही धरेना. मला वाटलं, पुढचा टप्पा आला. सोबतीला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, लघवीला जळजळ होत असेल हो, बघा." तपासणीत संसर्ग निघाला. औषध सुरू. अचानक, दोन-तीन दिवसांत झालेला बदल सहसा आजाराचा नसतो, शरीरात काहीतरी दुखतं आहे असं धरायचं. फेब्रुवारीत डोळ्यांच्या वेळी हेच शिकले होते. मावशींना कळलं, मला नाही.

१९ ऑगस्ट

बरीचशी परत आली. थोडी नाही आली. पान २४ : चुका ३, सापडली १.

७ सप्टेंबर

आजची सकाळ.

सव्वासात. कुंडीजवळच्या बाकावर दोघी. बाक १८ इंच उंच, दोन्ही बाजूंना हात टेकायला जागा, त्यामुळे ती स्वतः उठते. लाजाळू आता पसरून कुंडीबाहेर आली आहे. आई पुढे वाकली. उजव्या हाताची तर्जनी, नखाच्या कडेला अजून पेन्सिल धरून पडलेला घट्टा. पानाच्या टोकाला बोट लागलं. टोकाच्या दोन पर्णिका जुळल्या, मग त्यांच्या मागच्या, मग त्यांच्या, मिटत मिटत देठाशी आल्या, आणि क्षणभर थांबून अख्खा देठ खाली पडला. देठाच्या बुडाशी एक फुगीर सांधा असतो, त्याच्या खालच्या बाजूच्या पेशींतलं पाणी निघून जातं म्हणून असं होतं. आईनं श्वास रोखला होता. "मिटली!" माझ्याकडे वळून, डोळे मोठे करून, "बघितलंत?"

"बघितलं."

दुसरं पान. "मिटली!" तिसरं. दहा-पंधरा मिनिटांत पहिलं पान उघडलं, तिनं पुन्हा बोट लावलं, पुन्हा तोच श्वास, तोच आनंद.

काल रात्री वाचलं होतं : २०१४मध्ये ऑस्ट्रेलियात मोनिका गॅग्लियानो आणि सहकाऱ्यांनी लाजाळूच्या कुंड्या १५ सेंटीमीटर उंचीवरून मऊ तळावर पुन्हा पुन्हा टाकल्या. काही वेळानं रोपांनी मिटणं सोडलं, धोका नाही हे त्यांना जणू कळलं. २८ दिवस तसंच राहू दिल्यावरही ती मिटली नाहीत. याला स्मरण म्हणावं का, यावर शास्त्रज्ञांत वाद झाला. मेंदू नसलेल्या रोपात महिनाभर काहीतरी टिकतं, हे वाचून रात्री मला राग आला होता, कुणावर ते सांगता येणार नाही. सकाळी बाकावर तो राग नव्हता. आईला हे पहिल्यांदाच दिसत होतं. आठव्यांदा पहिल्यांदाच. तिच्या शेजारी बसून मीही नीट बघितलं, आणि सहा महिने पाणी घालूनही मला माहीत नव्हतं की मिटलेल्या पानाची मागची बाजू किंचित जांभळी असते.

३ ऑक्टोबर

फेऱ्या दोनवर आल्या. गुडघा दुखतो. कठड्याला मध्ये एक जागा टेकायला करायची, मोजमाप घेतलं.

मी झोपते साडेपाच तास. ऑगस्टपासून तीन पुस्तकं वाचून झाली. एक झाडांच्या मुळांवरचं, दोन कथांची. मावशी संध्याकाळी एक तास जास्त थांबतात, तो तास माझ्या वाचनाचा असं ठरवून टाकलं. आधी अपराधी वाटायचं. आता दार लावून बसते आणि मावशींना सांगते, पडली-झडली तरच हाक मारा.

पान ३१ : चुका ३, सापडली नाही.
पान ३२ : चुका ३, सापडली नाही. वाचलं मात्र पूर्ण, सावकाश. अक्षर २८ पॉइंट केलं.

२६ ऑक्टोबर

पान ३५. यात एकच चूक ठेवली, एक शब्द गाळला : "लाजाळूला आज तीन आले."

तिनं बोट फिरवत वाचलं, जसं होतं तसं. पुढच्या वाक्यावर गेली. पेन्सिल तिच्या हातात होती, आडवी, विसरलेली. मी थोडा वेळ वाट बघितली. मग पेन्सिल अलगद घेतली आणि मीच 'तीन'च्या पुढे, ओळीखाली, काकपद, म्हणजे शब्द गाळल्याची खूण, काढलं आणि वर 'गोंडे' लिहिलं.

ती माझ्या हाताकडे बघत होती.

"असं नाही," ती म्हणाली. पेन्सिल परत घेतली. माझ्या काकपदावर दुसरं काढलं, टोक थोडं वर, नेमकं दोन शब्दांच्या फटीत. "टोक आत गेलं पाहिजे. नाहीतर खिळे जुळवणाऱ्याला कळत नाही कुठे घालायचं."

"बरं."

"काढा तुम्ही."

मी काढलं. तिनं मान हलवली. पुन्हा काढलं. पानाच्या समासात खालपर्यंत काढत गेले, एकाखाली एक, बारा-तेरा, ती बोट ठेवून दाखवत होती. बाहेर उन्हं उतरली होती, पण घरी जायचंय म्हणाली नाही.

२७ ऑक्टोबर

पुढची पानं बिनचुकीची करायची, समास मात्र रुंद ठेवायचा, दोन इंच. पेन्सिली जाड घ्यायच्या, धरायला सोप्या. कठड्याची टेकण्याची जागा परवा बसवणार. लाजाळूच्या शेंगा वाळल्या, बी काढून कागदाच्या पुडीत ठेवलं, पुडीवर आईकडून नाव लिहून घेतलं.